संकट आणि बोलण्याचा अधिकार : उत्तर मध्ययुगीन युरोपातील सांस्कृतिक स्थित्यंतराचा पुनर्विचार

१

वाङ्मयेतिहासाच्या लेखनात 'संकट' ही संज्ञा फार सोयीची ठरली आहे. एका कालखंडाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ यांमधील दुवा सापडेनासा झाला की दुष्काळ, रोगराई, युद्ध किंवा सत्तांतर यांपैकी एखादी घटना त्या रिकाम्या जागी बसवली जाते आणि कारणमीमांसा पुरी झाल्याचे समाधान मिळते. युरोपच्या चौदाव्या-पंधराव्या शतकांबाबत ही सोय अधिकच मोह पाडणारी आहे, कारण तेथे संकटांची वाण नाही. १३०९ ते १३७७ या काळात पोपचे आसन रोम सोडून आव्हिन्यों येथे होते. १३१५ पासून उत्तर युरोपात सलग पिके बुडाली व महादुष्काळ पडला. १३३७ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्यात सुरू झालेला संघर्ष १४५३ पर्यंत धुमसत राहिला. १३४७ ते १३५३ या वर्षांत प्लेगच्या महामारीने युरोपच्या लोकसंख्येपैकी एक तृतीयांश ते निम्मे लोक मृत्युमुखी पडले, असे अंदाज केले जातात. १३७८ मध्ये पोपपदाची फूट पडून ती १४१७ पर्यंत टिकली. फ्रान्समध्ये १३५८ साली, फ्लॉरेन्समध्ये १३७८ साली आणि इंग्लंडमध्ये १३८१ साली कष्टकऱ्यांचे उठाव झाले.

या घटनामालिकेतून दोन भिन्न कथने रचली गेली. योहान हॉयझिंगा यांच्या १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा काळ एका संस्कृतीच्या पानगळीचा म्हणून येतो. जुन्या रूपांची अतिपक्वता, मृत्यूचे वेड आणि प्रतीकांचा अतिरेक ही त्याची लक्षणे मानली जातात. दुसरे कथन सुईणीचे आहे. त्यानुसार महामारीने जुनी व्यवस्था मोडली, वाचलेल्यांच्या हाती पैसा आणि श्रमाचे मोल आले, धर्मसत्तेवरचा विश्वास डळमळला आणि या उलथापालथीतून प्रबोधनाचा जन्म झाला. डेव्हिड हर्लिही यांच्या १९९७ साली मरणोत्तर प्रकाशित झालेल्या व्याख्यानांत या मताची सर्वांत विचारक्षम मांडणी आढळते. २०२० च्या कोविड साथीनंतर हेच मत पुष्कळ सैल स्वरूपात जगभर पुन्हा प्रचारात आले.

पहिल्या कथनात साहित्यकृती रोगाचे लक्षण बनते, तर दुसऱ्यात ती रोगानंतरच्या आरोग्याचे प्रमाणपत्र. दोन्ही ठिकाणी कृतीने स्वतः काय केले हा प्रश्न मागे पडतो. सुईणीच्या कथनात तर आणखी एक नैतिक अडचण दडलेली आहे. लक्षावधी मृत्यू हे त्यात प्रगतीचे मूल्य ठरतात आणि वाचलेल्यांच्या वैभवाचा हिशेब मेलेल्यांच्या नावावर मांडला जातो. म्हणूनच या दोन्ही कथनांची तपासणी केवळ तपशिलाच्या दुरुस्तीपुरती उरत नाही. प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन असे की, उत्तर मध्ययुगीन संकटाने नवे वाङ्मयीन रूपबंध निर्माण केले नाहीत. रूपबंध बहुतांशी पूर्वीपासून उपलब्ध होते. बोलण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या आधारावर, ही जी बाब तोवर गृहीत धरलेली होती ती संकटाने वादग्रस्त केली. सांस्कृतिक बदलाचा शोध या वादात घ्यावा लागतो.

२

प्रथम कालक्रमाचा विचार केला पाहिजे. पिसा येथील कांपोसांतो या दफनभूमीच्या भिंतीवर 'मृत्यूचा विजय' हे विख्यात भित्तिचित्र आहे. शिकारीला निघालेले उमराव उघड्या शवपेट्यांपाशी थबकतात, बागेत तरुण स्त्री-पुरुष संगीतात रमले आहेत आणि मृत्यू त्यांच्याकडे झेपावतो आहे, असा त्याचा आशय. मिलार्ड मीस यांनी १९५१ साली फ्लॉरेन्स व सिएना येथील प्लेगोत्तर चित्रकलेवर जो प्रभावी ग्रंथ लिहिला, त्याच्या परंपरेत हे चित्र महामारीच्या मानसिक आघाताचा पुरावा म्हणून वाचले गेले. १९७४ मध्ये लुचानो बेल्लोसी यांनी ते बुफ्फालमाक्को या चित्रकाराचे असून प्लेगपूर्वीचे, म्हणजे १३३० नंतरच्या दशकातले असल्याचे दाखवले, आणि ते मत पुढे सर्वसाधारणपणे मान्य झाले. आघाताचा पुरावा आघाताच्या आधीच रंगवून झाला होता.

उलट दिशेचे उदाहरण 'मृत्युनृत्या'चे आहे. पोप, सम्राट, राजा यांपासून शेतकरी आणि तान्ह्या मुलापर्यंत प्रत्येकाला सांगाडा हाताला धरून नाचायला नेतो, ही प्रतिमा प्लेगची थेट उपज मानण्याचा प्रघात आहे. परंतु या प्रतिमेचे पहिले विख्यात चित्रण पॅरिसच्या इनोसां दफनभूमीच्या भिंतीवर १४२४-२५ साली, पहिल्या महामारीनंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी झाले. तेव्हा पॅरिस इंग्रजांच्या ताब्यात होते. साथी अधूनमधून परतत होत्या हे खरे; तथापि त्या भिंतीवरील अनुक्रम पाहता तेथे राजा व धर्मगुरू यांच्या दर्जाविषयीचा राजकीय प्रश्नही तितकाच जिवंत होता, हे नाकारता येत नाही. जिवंत आणि मृत यांच्या संवादाची कल्पना तर त्याहून जुनी. तीन जिवंत उमरावांना तीन मृतांनी उपदेश केल्याची कथा फ्रेंच काव्यात तेराव्या शतकातच रूढ झाली होती.

मानवतावादी विद्येबाबतही हेच दिसते. दान्तेने देशीभाषेच्या वाङ्मयीन सामर्थ्याविषयीचा आपला लॅटिन ग्रंथ चौदाव्या शतकाच्या आरंभीच लिहिला आणि १३२१ मध्ये तो निवर्तला. पेत्रार्कला रोममध्ये राजकवीचा मुकुट मिळाला तो १३४१ साली. सिसेरोची पत्रे त्याला व्हेरोना येथे सापडली ती १३४५ साली. १३४८ च्या एप्रिलमध्ये लॉरा गेल्याची नोंद त्याने आपल्या व्हर्जिलच्या हस्तलिखितावर केली, तेव्हा त्याची वाङ्मयीन दिशा ठरून गेलेली होती.

विज्ञानाने अलीकडे या विषयात मोठी भर घातली आहे. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड येथील दफनभूमीतील अवशेषांवरून २०११ मध्ये प्लेगच्या जंतूचा जनुकीय आराखडा सिद्ध झाला. २०२२ मध्ये किर्गिझस्तानातील इसिक-कुल सरोवराजवळच्या १३३८-३९ च्या थडग्यांतही तोच जंतू आढळला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या परागकणांच्या अभ्यासाने महामारीचा तडाखा प्रदेशाप्रदेशानुसार फार विषम असल्याचे सुचवले. रोगाची ओळख आता निःसंदिग्ध आहे. पण जंतूची निश्चिती म्हणजे संस्कृतीचे स्पष्टीकरण नव्हे. विषमतेचा निष्कर्ष तर 'युरोपचे एक मन आणि त्याला बसलेला एक धक्का' ही कल्पनाच मोडीत काढतो.

३

कालक्रमाने कारणाचा दावा दुर्बळ होतो, हे मान्य केल्यावर संकटाचा साहित्याशी संबंधच नव्हता असे म्हणता येईल काय? बोकाचिओच्या 'डेकॅमेरॉन'कडे पाहिल्यास तसे म्हणता येत नाही. १३४८ च्या साथीत बोकाचिओच्या शहरातील जीवन उद्ध्वस्त झाले आणि पुढील काही वर्षांत या शंभर कथांची रचना झाली. आरंभीचे महामारीचे वर्णन प्रत्यक्षदर्शी साक्ष म्हणून नेहमी उद्धृत होते. तथापि संशोधकांनी दाखवल्याप्रमाणे त्यातील बराच तपशील आठव्या शतकातील पॉल द डीकन याच्या लोंबार्ड लोकांच्या लॅटिन इतिहासातून आलेला आहे. शहराच्या तटबंदीच्या आत लाखाहून अधिक माणसे मेली हा आकडाही अतिशयोक्त ठरला आहे. यावरून बोकाचिओची साक्ष खोटी ठरत नाही. पाहिलेले सांगण्यासाठीही त्याला वाचलेल्याचा आधार घ्यावा लागला, एवढेच त्यातून निष्पन्न होते. अनुभवाला शब्द मिळाले ते परंपरेकडून.

कथाचौकटीचेही तसेच. कथेत कथा गुंफण्याचे तंत्र भारतीय वाचकाला 'पंचतंत्रा'पासून परिचित आहे. 'पंचतंत्र' पहलवी व अरबी भाषांतरांतून पश्चिमेकडे गेले आणि तेराव्या शतकात जॉन ऑफ कॅपुआ याने हिब्रूवरून त्याचे लॅटिन रूपांतर केले. बाराव्या शतकातील पेत्रुस आल्फोन्सी याच्या कथासंग्रहातूनही पौर्वात्य कथा लॅटिनमध्ये रुजल्या होत्या. 'पंचतंत्रा'त विष्णुशर्मा हा ज्ञानाधिकार असलेला एकच निवेदक राजपुत्रांना शहाणे करतो. 'डेकॅमेरॉन'मध्ये सात तरुणी व तीन तरुण आळीपाळीने कथा सांगतात आणि दररोज नवा राजा किंवा राणी निवडतात. चौकट जुनी आहे. निवेदनाचा अधिकार मात्र एका गुरूकडून फिरत्या मंडळाकडे गेला आहे. हा बदल प्रस्तावनेतील परिस्थितीशी निगडित आहे. दैवी व मानवी कायद्यांचे रक्षक मेलेले, आजारी किंवा एकाकी असल्यामुळे शहरात कोणाचाच अधिकार चालेनासा झाला, असे तेथे सांगितले आहे. सांता मारिया नोव्हेल्ला गिरिजेत जमलेल्या स्त्रियांपैकी पांपिनेया ही स्वतःचा जीव राखण्याच्या नैसर्गिक हक्काचा युक्तिवाद करते, तो या पोकळीत. साथ संपली म्हणून ही मंडळी परतत नाहीत. स्वतः घातलेल्या नियमांची मुदत भरली म्हणून परततात. आपत्तीत लोक एकमेकांना गोष्टी सांगून धीर देतात, हा २०२० मध्ये या ग्रंथाचा सर्वत्र काढला गेलेला बोध अपुरा आहे. त्यांनी धीर मिळवला त्यापेक्षा एक तात्पुरती, आळीपाळीची सत्ता कशी चालते हे त्यांनी करून पाहिले, हे अधिक महत्त्वाचे आहे.

पहिल्या दिवसाची पहिली कथा या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. चापेल्लेत्तो नावाचा अट्टल लबाड नोटरी परमुलखात, सावकारांच्या घरी मरणशय्येवर पडतो. तो एका भोळ्या भिक्षूपुढे धादांत खोटे पापनिवेदन करतो आणि मृत्यूनंतर संत म्हणून पूजला जातो. धर्मगुरूंवरील विनोद मध्ययुगीन साहित्यात नवे नव्हते. परंतु ही कथा ज्या काळात लिहिली जात होती, त्याच सुमारास, १३४९ च्या जानेवारीत, इंग्लंडमधील बाथ व वेल्सचे बिशप राल्फ यांनी आपल्या धर्मप्रांतात पत्र धाडून कळवले होते की, धर्मगुरू मिळत नसेल तर मरणाऱ्याने सामान्य माणसापुढे, पुरुष नसल्यास स्त्रीपुढेही, पापनिवेदन करावे. या दोन मजकुरांत प्रभावाचा काहीही संबंध नाही. दोन्हींच्या तळाशी असलेला प्रश्न मात्र समान आहे : मरताना बोललेल्या शब्दाला प्रामाण्य येते ते बोलणाऱ्यामुळे, ऐकणाऱ्यामुळे, की संस्थेमुळे? बिशपने गरज म्हणून ऐकणारा बदलला. बोकाचिओने ऐकणारा तोच ठेवून बोलणाऱ्याला लबाड केले आणि तरीही संस्था चालत राहते, हे दाखवले.

४

अधिकाराचा हा प्रश्न इंग्लंडमध्ये श्रमाच्या कायद्यांतून साहित्यात शिरला. मजुरांची टंचाई निर्माण होताच १३४९ साली वटहुकूम आणि १३५१ साली कायदा करून मजुरीचे दर महामारीपूर्वीच्या पातळीवर गोठवण्यात आले. साठ वर्षांखालील, जमीन वा धंदा नसलेल्या सुदृढ माणसाला मिळेल ते काम स्वीकारणे बंधनकारक झाले. विल्यम लँगलंडचे 'पिअर्स प्लाउमन' हे दीर्घकाव्य या कायद्यांच्या छायेत, १३६० नंतरच्या दोन-अडीच दशकांत, तीन निरनिराळ्या पाठांतून घडले.

स्वप्नदर्शनाचा रूपबंध, रूपकात्म पात्रे आणि समाजातील थरांवरील उपरोध हे सर्व लँगलंडला परंपरेने मिळाले होते. नवे होते ते सत्याची वाट दाखवणाऱ्याचे स्थान : यात्रेकरूंना मार्ग सांगतो तो नांगऱ्या पिअर्स. तो अर्धा एकर नांगरून होईपर्यंत सर्वांना कामाला लावतो. काही मजूर मात्र शिळ्या भाजीला नकार देतात, ताजे व गरम मांस-मासे मागतात, कायदे करणाऱ्या राजाला व त्याच्या मंडळाला शिव्या घालतात. पिअर्स तेव्हा 'भुके'ला पाचारण करतो. कवीची सहानुभूती येथे मजुरांच्या बाजूची नाही, तरीही त्यांचे म्हणणे त्याच्या काव्यात शब्दांकित झाले आहे. पुढे सत्याकडून आलेले क्षमापत्र हे क्षमापत्रच नव्हे असे धर्मगुरू म्हणतो आणि पिअर्स ते रागाने फाडून टाकतो. 'बी' या मधल्या पाठातील हा प्रसंग अर्थनिर्णयाचा अधिकार कोणाकडे, हा वाद उघड्यावर आणतो.

१३८१ च्या उठावात या वादाला अनपेक्षित उत्तर मिळाले. धर्मोपदेशक जॉन बॉल याच्या नावावरील जी इंग्रजी पत्रे बखरकारांनी जतन केली, त्यांत पिअर्सचे नाव येते. काव्यातील नांगऱ्या बंडखोरांच्या सांकेतिक भाषेत जाऊन पोचला होता. बॉलला त्याच वर्षी जुलैमध्ये फाशी देण्यात आले. यानंतरचा मानल्या गेलेल्या 'सी' पाठात क्षमापत्र फाडण्याचा प्रसंग नाही. त्याऐवजी काव्याच्या पाचव्या सर्गात एक नवा प्रसंग येतो : 'विवेक' व 'सदसद्बुद्धी' कवीलाच, म्हणजे विल या स्वप्नदर्शी निवेदकाला, अडवून विचारतात की, अंगाने सुदृढ असूनही तो शेतात का राबत नाही. आपली अवजारे म्हणजे प्रार्थना व स्तोत्रे, असे उत्तर विल देतो. मजुरांसाठी केलेला कायदा येथे कवीच्या दारापर्यंत आला आहे. लेखन हे श्रम आहे काय, आणि नसेल तर लेखकाने काय खावे, हा प्रश्न एवढ्या उघडपणे विचारणारी दुसरी जागा मध्ययुगीन इंग्रजी काव्यात सापडणे कठीण.

बोहेमियात १४०१ च्या सुमारास रचलेला 'बोहेमियातील नांगऱ्या' हा जर्मन गद्यसंवाद येथे तुलनेस घ्यावा लागतो. कर्ता योहानेस फॉन टेप्ल हा साट्स या नगरात नोटरी व शाळाप्रमुख होता. त्यातील नांगऱ्या १४०० साली वारलेल्या आपल्या तरुण पत्नीसाठी मृत्यूवर खटला भरतो. आरंभीच तो स्पष्ट करतो की त्याचा नांगर पक्ष्याच्या पिसाचा आहे, म्हणजे लेखणी. लँगलंडचा विल प्रार्थनांना अवजार म्हणतो, योहानेस लेखणीला नांगर म्हणतो. दोघांना परस्परांची माहिती असल्याचा कोणताही पुरावा नाही. दोघांनाही आपल्या बोलण्याचा हक्क मात्र श्रमाच्या परिभाषेतच सिद्ध करावासा वाटला. कष्टकऱ्याच्या श्रमाचे मोल वादाचा विषय झालेल्या शतकाची ही खूण आहे.

या संवादाला विसाव्या शतकात आणखी एक बाजू जोडली गेली. कर्त्याने एका मित्राला लिहिलेले लॅटिन पत्र उजेडात आले. त्यात त्याने ही रचना वक्तृत्वशास्त्रातील अलंकारांचे प्रात्यक्षिक म्हणून सादर केली आहे. यावरून काही अभ्यासकांनी शोक खरा की शैलीचा सराव, असा पेच उभा केला. हा पेच कृत्रिम आहे. शोकाला खटल्याचे रूप देणारा माणूस नोटरी होता. फिर्याद मांडण्याची भाषा हेच त्याचे अवजार होते. अखेरीस ईश्वर निवाडा देतो तेव्हा फिर्यादीला मान आणि मृत्यूला विजय मिळतो. निकाल पारंपरिक, ईश्वराच्या सत्तेला धक्का न लावणारा आहे. नवे आहे ते एवढेच की, एका सामान्य विधुराची फिर्याद दाखल करून घेतली गेली आणि तिचा मान राखला गेला. १४६० च्या सुमारास बांबेर्ग येथे हा संवाद छापला गेला आणि जर्मन भाषेतील अगदी आरंभीच्या मुद्रित ग्रंथांत त्याची गणना होते.

५

स्त्रियांच्या बोलण्याच्या अधिकाराचा माग काढण्यासाठी ग्रिझेल्डाच्या कथेचा प्रवास उपयोगी पडतो. 'डेकॅमेरॉन'ची ही शंभरावी कथा. गरीब शेतकऱ्याची मुलगी ग्रिझेल्डा हिच्याशी विवाह करून सरदार ग्वाल्तिएरी तिची मुले हिरावून घेतो, तिला घराबाहेर काढतो आणि तिच्या सहनशीलतेची परीक्षा पाहतो. ही कथा सांगणारा दियोनेओ नवऱ्याच्या वागण्याला पशुत्व म्हणतो. १३७३ साली पेत्रार्कने तिचे लॅटिनमध्ये रूपांतर केले आणि ईश्वरापुढील जीवाच्या शरणागतीचे रूपक म्हणून तिला प्रतिष्ठा दिली. लॅटिनच्या वाटेने ती युरोपभर पसरली. चॉसरचा विद्यार्थी-निवेदक पेत्रार्कचे ऋण मान्य करून ती सांगतो, आणि अशा बायका आता मिळणे कठीण, असा चिमटाही शेवटी काढतो.

क्रिस्तीन द पिझाँ हिच्या १४०५ मधील 'स्त्रियांच्या नगरी'त ग्रिझेल्डा पुन्हा येते, तेव्हा संदर्भ पालटलेला असतो. क्रिस्तीन पंचविशीत विधवा झाली. मुले, आई व कर्जाचे दावे सांभाळत तिने लेखणीवर संसार चालवला. 'गुलाबाची रम्यकथा' या लोकप्रिय काव्यातील स्त्रीनिंदेवरून तिने पंधराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या विद्वानांशी जाहीर पत्रवाद केला होता. 'स्त्रियांच्या नगरी'साठी तिने बोकाचिओच्याच, प्रसिद्ध स्त्रियांवरील लॅटिन चरित्रग्रंथातली सामग्री वापरली आणि तिची नवी मांडणी केली. ग्रिझेल्डा तेथे स्त्रीच्या मनोधैर्याचा दाखला बनते. कथा एकच, बोकाचिओकडे ती अस्वस्थ करणारा प्रश्न, पेत्रार्ककडे उपदेश, चॉसरकडे विडंबनाच्या काठावरचा उपदेश आणि क्रिस्तीनकडे पुरावा. क्रिस्तीनची सामग्री पूर्णपणे परंपरागत आहे. बदल झाला आहे तो ती सामग्री साक्षीदार म्हणून कोण उभी करते यात.

नॉर्विच येथील एकांतवासिनी ज्युलियन हिचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. १३७३ च्या मे महिन्यात, तिशीत, मरणप्राय आजारात तिला जी दर्शने झाली ती तिने प्रथम एका लघु पाठात नोंदवली आणि अनेक वर्षांच्या चिंतनानंतर दीर्घ पाठात विस्तारली. इंग्रजीतील, स्त्रीने लिहिल्याचे निश्चित माहीत असलेला हा सर्वांत जुना ग्रंथ आहे. लघु पाठात ती आपण स्त्री असल्याने शिक्षक म्हणून बोलत नाही, असे बजावते आणि त्याच वेळी तेवढ्यासाठी ईश्वराची कृपा सांगू नये काय, असेही विचारते. दीर्घ पाठात हा सारा बचाव गळून गेला आहे. समर्थनाचे वाक्य काढून टाकणे हाच तेथे अधिकाराचा उच्चार ठरतो. संहितांतर्गत असे फरक 'संकटामुळे स्त्रिया बोलू लागल्या' यांसारख्या विधानाने हाती लागत नाहीत. त्यासाठी पाठांची तुलनाच करावी लागते.

६

बोलण्याच्या अधिकाराची ही कहाणी केवळ विस्ताराची मानली तर ती पुन्हा सुईणीच्या कथनाकडे वळेल. म्हणून तिची दुसरी बाजू तितक्याच ठळकपणे नोंदवणे आवश्यक आहे. फ्रेंच कवी व संगीतकार ग्यियोम द माशो याचे 'नावारच्या राजाचा निवाडा' हे काव्य १३४९ मधील महामारीच्या वर्णनाने सुरू होते आणि मग प्रेमविषयक वादाकडे वळते. रचना 'डेकॅमेरॉन'शी आश्चर्यकारक साम्य दाखवणारी आहे : भयाण प्रस्तावना आणि त्यानंतर दरबारी रंजन. पण या प्रस्तावनेत माशो यहुद्यांनी विहिरी व झरे विषारी केल्याचा आरोप सत्य म्हणून सांगतो. स्ट्रासबूर्गमध्ये १३४९ च्या फेब्रुवारीत, महामारी शहरात पोचण्यापूर्वीच, यहुद्यांना जिवंत जाळण्यात आले होते. पोप सहावा क्लेमेंट याने १३४८ मध्ये काढलेल्या आज्ञापत्रांत, यहुदीही याच रोगाने मरत आहेत हे दाखवून हा आरोप फेटाळला होता. म्हणजे खंडन उपलब्ध होते. तरी शैलीसंपन्न काव्याने आरोपच निवडला.

त्या मृतांची बाजू त्यांच्या समाजाच्या स्मरणग्रंथांत राहिली. न्यूरेंबर्गच्या यहुदी समाजाने १२९६ पासून राखलेल्या स्मरणग्रंथात हुतात्म्यांची नावे आणि १३४८-४९ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या वस्त्यांची यादी आहे. त्या ग्रंथाला वाङ्मयेतिहासात क्वचितच स्थान मिळते, कारण त्यात चौकट, रूपक वा निवेदक नाही. फक्त नावे आहेत. 'संकट व साहित्य' असा विषय घेणाऱ्या समीक्षेने माशोचे काव्य आणि ही यादी एकत्र वाचली नाही, तर तिचा निष्कर्ष वाचलेल्यांच्या बाजूने आधीच झुकलेला असतो.

देशीभाषांच्या बाबतीतही विस्तार आणि आकुंचन एकाच वेळी चालले होते. इंग्लंडमध्ये १३६२ च्या कायद्याने न्यायालयांत इंग्रजीत वाद-प्रतिवाद करण्याची तरतूद झाली. विक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणले. त्याच देशात १४०१ मध्ये पाखंड्यांना जाळण्याचा कायदा झाला आणि आर्चबिशप अरुंडेल यांच्या १४०९ च्या नियमांनी परवानगीविना बायबलचे भाषांतर करण्यास मनाई केली. प्रागमध्ये चेक भाषेत प्रवचने देणाऱ्या यान हुस याला १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने जाळले. हीच परिषद पोपपदाची फूट मिटवण्याकरिता भरली होती. एक संकट संपवणाऱ्या संस्थेने त्याच बैठकीत बोलण्याचा एक मार्ग बंद केला.

७

या विवेचनातून तौलनिक साहित्याभ्यासाच्या पद्धतीविषयी एक मुद्दा पुढे येतो आणि त्याचा संबंध मराठीच्या इतिहासलेखनाशीही पोचतो. ज्ञानेश्वरी १२९० ची. नामदेवांचा काळ परंपरेनुसार १३५० पर्यंतचा. तेथून सोळाव्या शतकातील एकनाथांपर्यंतचा पट्टा तुलनेने क्षीण दिसतो. त्याचे स्पष्टीकरण यादव सत्तेचा अस्त, परकी राजवट आणि १३९६ च्या सुमारास सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ यांच्या आधारे देण्याचा प्रघात आहे. युरोपात त्याच शतकातील संकटे वाङ्मयाच्या बहराचे कारण ठरवली जातात, महाराष्ट्रात त्याच शतकातील संकटे वाङ्मयाच्या मौनाचे. एकाच जातीच्या कारणातून परस्परविरुद्ध कार्ये निघू लागली की ते कारण पुरेसे नाही हे उघड होते. महाराष्ट्रातील त्या कालखंडाबाबत विचारायचे प्रश्नही मग बदलतात : त्या काळात कोण, कोणासाठी, कोणत्या माध्यमातून बोलत होते, मौखिक परंपरेत काय टिकले, आणि जतन करण्याची सोय कोणत्या संप्रदायाकडे होती? दुष्काळाने मौन आले असे म्हणण्यापूर्वी ते मौन होते की नोंदीचा अभाव, हे ठरवावे लागेल.

युरोपच्या संदर्भात निष्कर्ष मर्यादित पण स्पष्ट आहे. कथाचौकट, स्वप्नदर्शन, वादसंवाद, थोरांची चरित्रे हे सर्व रूपबंध संकटापूर्वीचे होते. संकटाने धर्मगुरू, सरदार, नवरा आणि विद्वान यांच्या शब्दाला लाभलेले आपोआपचे प्रामाण्य काढून घेतले, आणि ते पुन्हा कमवावे लागेल अशी परिस्थिती आणली. त्या परिस्थितीत कोणी नांगऱ्याच्या तोंडून बोलले, कोणी लेखणीलाच नांगर म्हटले, कोणी आपल्या ग्रंथातील क्षमायाचना पुसली, तर कोणी शेजाऱ्यावर विष घातल्याचा आळ घेऊन आपली शैली साजरी केली. या चारही कृती एकाच संकटाला दिलेली उत्तरे आहेत. त्यांपैकी कोणते उत्तर द्यायचे ते महामारीने ठरवलेले नव्हते. ते लिहिणाऱ्याने ठरवले. म्हणूनच त्या उत्तरांची वाङ्मयीन आणि नैतिक जबाबदारीही लिहिणाऱ्याकडेच राहते. संकटाला कारण मानणारी समीक्षा ती जबाबदारी नकळत इतिहासाच्या खांद्यावर टाकते. ती पुन्हा संहितेकडे आणणे हे तौलनिक अभ्यासाचे काम आहे.